तानाबाईचं वारूळ

तानाबाई आमच्या कॉलेजात नोकरी मागायला आली ती अर्ज घेऊन नाही, घोरपड घेऊन.

सन त्र्याहत्तरचा मे महिना. सोलापूरचं ऊन, त्यात सलग दुष्काळाचं साल. प्राणिशास्त्राच्या खोलीच्या दारात एक उंच, सावळी, चाळिशीची बाई उभी राहिली. डोक्यावर टोपली, त्यावर दुसरी टोपली पालथी, आणि दोन्ही सुंभाने आवळलेल्या. मी तेव्हा नुकतीच व्याख्याती झाले होते. मूळची बार्शीची, त्यामुळे तोंड मला उपजतच होतं. मी म्हटलं, "भाजी नको." ती म्हणाली, "भाजी न्हाय, घोरपड हाय. हितं उंदरं-बेडकं पाळत्यात म्हनं. मग हिलाबी पाळा की."

तिच्या गावाच्या, कुंभारीच्या, बाजूला पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. तिथे ती घमेली उचलायची. खणताना ही घोरपड निघाली आणि मजुरांनी तिची संध्याकाळच्या कालवणासाठी बोली लावली. तानाबाईने कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पीठ, आपल्या वाटणीची आठवड्याची देऊन ती सोडवून घेतली आणि सात-आठ मैल चालत शहरात आणली. "का?" म्हणून मी विचारलं तर नुसती म्हणाली, "घेतली." जास्त बोलायची तिला सवय नव्हती. ती उणीव माझ्याकडून भरून निघायची.

आमच्या प्राणिघराची झाडलोट करणारा माणूस नुकताच काम सोडून गेला होता. बेडकांच्या टाकीला वास येत होता. मी विभागप्रमुखांकडे गेले आणि घोरपड व बाई दोघींनाही ठेवून घ्या म्हणून हट्ट धरला. विभागप्रमुख म्हणजे प्राध्यापक शिवयोगी बिराजदार, अक्कलकोटकडचे, घरी कानडी आणि वर्गात नीटस मराठी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा जीव बरण्यांत होता. भिंतभर कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या: साप, विंचू, कासव, वटवाघूळ. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. घोरपडीची तेवढी बरणी रिकामी होती. सरांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. मोठी झाली की बघू." काय बघणार ते मला कळलं. तानाबाईलाही कळलं असावं, कारण तिने टोपली आपल्याकडे ओढून घेतली. पण दोघींना ठेवून घेतलं.

वन्य जनावरांचा कायदा तेव्हा झाला होता. पण आमच्या कॉलेजापर्यंत त्याचा कागद काही पोचला नव्हता.

तानाबाईविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कुंभारीत कुणाचीही कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली, की अंडी मांडायला हिला बोलावणं यायचं. हिने मांडलेलं अंडं वाया जात नाही, अशी ख्याती. अंडी नेहमी विषम घ्यायची. प्रत्येकावर कोळशाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कोंबडीने नंतर घातलेलं अंडं त्यात मिसळत नाही. ढग गडगडले तरी अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत एक लोखंडी खिळा ठेवायचा. हे सगळं ती इतक्या गांभीर्याने सांगायची की माझी हसायची हिंमत व्हायची नाही, आणि माझ्या हसण्याला सहसा कुणी अडवू शकत नाही.

पुढच्या वर्षी वेळापूरच्या एका विद्यार्थ्याने सुट्टीवरून येताना दुसरी घोरपड आणली. नर की मादी, ते मला पुस्तक उघडूनही सांगता येईना. तानाबाईने दोन दिवस पिंजऱ्यासमोर बसून सांगितलं, "ह्यो गडी हाय." मृग लागला आणि तिचं खरं ठरलं. तो मादीच्या मागे मागे, मानेला, पाठीला जीभ लावत फिरायचा. ती फुसकारायची, शेपटीचा फटका द्यायची, हा आपला पुन्हा हजर. तानाबाई झाडू टेकून बघायची. "गडी बायकूच्या मागं फिरतुया. बघून घ्या बाई, पुना कुटं दिसायचं न्हाय." मी अविवाहित होते, म्हणून हा टोमणा मला की जगातल्या नवऱ्यांना, ते मी विचारलं नाही.

श्रावणात मादीचं पोट दिसायला लागलं. तानाबाईने पिंजऱ्यात एक टोपली ठेवली, भुसकट अंथरलेली, कोंबडीला ठेवतात तशी. घोरपडीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार दिवस ती सिमेंटची जमीन उकरत होती. नखांतून रक्त आलं. तानाबाई हळद-तेल लावायला गेली तर शेपूट बसली, मनगट सुजलं. तरी तिने हळद लावलीच. पाचव्या दिवशी घोरपडीने अंडी टाकली, इथे नऊ, तिथे दहा, पाण्याच्या थाळीत चार. थोडी तिनेच खाल्ली. आम्ही एकोणीस वाचवली.

आता ऐका आमचा शहाणपणा. विषम पाहिजेत म्हणून तानाबाईने अकरा घेतली, मला आठ दिली. मी माझी आठ प्रयोगशाळेत बल्ब लावलेल्या पेटीत ठेवली आणि पुस्तकात कोंबडीच्या अंड्यांविषयी लिहिलं होतं तशी दिवसातून दोनदा उलटवत राहिले. तिने आपली अकरा कुंभारीला नेऊन, कोळशाचे ठिपके देऊन, खिळ्यासकट सरळ खुडूक कोंबडीखाली मांडली. कोंबडी बिचारी इमानाने बसली. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले. गावातल्या बाया येताजाता विचारायच्या, "तानाबाई, कोंबडीला मगर हुनार का वं?" तिसाव्या दिवशी कोंबडीच कंटाळून उठून गेली. अंडी काळी पडून आत सडली होती. माझ्या आठांचीही तीच गत. सरपटणाऱ्या जनावराचं अंडं एकदा पडलं की हलवायचं नसतं, आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटवलं की तो जातो, हे मी पुढे कितीतरी दिवसांनी एका परदेशी मासिकात वाचलं. थोडक्यात, ती एकोणीस आम्ही दोघींनी मिळून काळजीने मारली.

तानाबाईला हे फार लागलं. गावाचं हसणं तिने खांद्यावरून झटकून टाकलं, पण हाताला अपयश आलं हे तिला झेपेना. त्यात सर आले. रागावले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "हे काही पांजरपोळ नाही. पुढच्या श्रावणात पुन्हा हेच झालं, तर एप्रिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी ही बरणीत जाईल."

तानाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आन् पिल्लं निगाली तर?"

"तर सोडून देऊ हिला."

"शबुद?"

बिराजदार सर थोडे चपापले. त्यांच्याकडे असा शब्द मागायची कुणाची छाती नव्हती. "शब्द," ते म्हणाले.

तेव्हापासून तानाबाई झाडताना, पाणी भरताना, भाकरी खाताना एकाच विचारात असायची. आणि पुढच्या मे महिन्यात तिने मला हाताला धरून प्राणिघराच्या मागे नेलं. तिथे कंपाउंडच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली, छातीएवढं उंच वारूळ होतं. पांढऱ्या मुंग्यांचं, म्हणजे वाळवीचं, जिवंत वारूळ, मी रोज बघत असे आणि कधी पाहिलं नव्हतं.

"रानात हिला कुनी टोपली देत न्हाय," ती म्हणाली. "वारूळ उकरून आत घालती. वर मुंग्या परत लिंपून घेत्यात. आत ऊन न्हाय, वारा न्हाय. ऊब कायम."

"बरोबर आहे," मी म्हटलं, "पण हे उचलून पिंजऱ्यात कसं न्यायचं? फुटेल की."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझ्या एम.एस्सी.ची लाज वाटली. "वारूळ कशाला हलवायचं? पिंजरा हिकडं आना की."

इतकं साधं. जुन्या टेनिस कोर्टाची जाळी पडून होती. तानाबाईने आणि मी दोन रविवार खपून प्राणिघराच्या मागच्या खिडकीपासून वारुळाभोवती कुंपण घातलं. जाळी दोन हात जमिनीत गाडली. सर वरून बघत होते. "नाकापेक्षा मोती जड," म्हणाले, पण अडवलं नाही.

अडचण आली ती नागपंचमीला. त्या वारुळाला कॉलेजामागच्या वस्तीतल्या विणकर बायका वर्षानुवर्षं पूजत आल्या होत्या, आणि आम्ही तेच कोंडून टाकलेलं. सकाळी सकाळी पंधरा-वीस जणी ताटं घेऊन फाटकात. पुढे सुंदरम्मा, मागावर बसून बसून पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. देवाला तुरुंगात कुणी घातलं, असा एकंदर मतलब. सर म्हणाले, कुणालाही आत सोडायचं नाही, घोरपड चावली तर जबाबदार कोण? मी नियम सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तानाबाईने दोन्ही घोरपडी टोपल्यांत घालून वर दगड ठेवले आणि फाटक उघडून दिलं. "या. पर उकरू नगा, काठी घालू नगा. नुसतं वरनं घाला."

त्या दिवशी जमीन कुणी खणतच नाही, तेव्हा उकरायचा प्रश्न नव्हता. बायकांनी वारुळावर दूध घातलं, पाणी घातलं, हळदकुंकू, लाह्या, पुन्हा पाणी. वीस जणींचं पाणी. वारुळाची पूर्वेकडची बाजू पार भिजून गेली.

आणि दोनच दिवसांनी घोरपड त्याच बाजूला उकरायला लागली.

आम्ही प्राणिघराच्या खिडकीआड बसलो. मी दर दोन मिनिटांनी काहीतरी कुजबुजायची आणि तानाबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून "गप" म्हणायची. पुढच्या पायांनी माती ओढत ओढत घोरपड आत शिरली, शेवटी नुसती शेपूट बाहेर. तासाभराने ती बाहेर आली, फिरली, आता तोंड बाहेर आणि बाकी सगळी आत. बराच वेळ हलली नाही. मग निघून तिने माती परत लोटली आणि नाकाने दाबून दाबून बसवली. एखादी बाई धान्याच्या कणगीचं तोंड लिंपते, तितक्या निगुतीने. मग थोड्या अंतरावर तिने आणखी दोन खड्डे काढले आणि ते निम्मेअर्धे भरून सोडले.

दुसऱ्या दिवशी सारखा झालेला खरा खड्डा मलाच ओळखू येईना, तरी मी सरांना ऐटीत जागा दाखवली. तानाबाई मागून म्हणाली, "त्ये खोटं हाय, बाई. चोराला फसवायला. खरं त्ये, जितं कायबी दिसत न्हाय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरांनी मिशीत हसून घेतलं.

मुंग्यांनी आठवड्यात वरची बाजू लिंपून टाकली. अंडी किती, जिवंत की मेलेली, काही कळायला मार्ग नाही. भादवा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. पी हळद अन् हो गोरी असा आमच्या विभागाचा स्वभाव, सगळे रोज विचारायचे आणि तानाबाई रोज म्हणायची, "दम धरा." अंडी घालून घोरपड वाळून काटकी झाली होती. तिला कॉलेजच्या खर्चातून मिळणारे उंदीर पुरेनात, म्हणून तानाबाई घरून कोंबडीची अंडी आणून चारायची. बघायला येणारा प्रत्येक जण गडाला दोर लावायची गोष्ट काढायचा आणि हिला दोर बांधून बघू का, असं विचारायचा. अशा लोकांना मी जे बोलत असे ते इथे लिहिता येणार नाही.

फेब्रुवारीत सर स्वतः कुदळ घेऊन आले. सहा महिने झाले होते. "आत काही असतं तर एव्हाना निघालं असतं. उघडून बघू, म्हणजे निकाल लागेल."

तानाबाई वारुळासमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. "पोटुशी बाईचं पोट कुनी उगडून बगत न्हाय, सर."

"आणि नसेलच काही तर?"

"तर परीक्षेच्या आदी हिला तुमच्या हातात आनून देती. माजा शबुद."

सर कुदळ घेऊन परत गेले. पण रिकामी बरणी त्यांनी त्याच दिवशी धुवून पुसून टेबलावर काढून ठेवली.

मार्च लागला आणि तानाबाईने नवीनच काम काढलं. बेडकांच्या टाकीचं पाणी बदललं की जुनं पाणी ती घागरीने वारुळावर नेऊन ओतायची, त्याच पूर्वेच्या बाजूला. मी भडकले. ओलीने अंडी कुजतील, बुरशी धरेल, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, असं बरंच काही बोलले. तिने घागर खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मला ती गोष्ट सांगितली.

"बहात्तर सालाला, बाई, कामावर म्या एक वारूळ फोडलं. मुकादम फोड म्हनला, फोडलं. कुदळीनं फुटंना, पहारीनं फोडलं. आत पिल्लं हुती. अंड्यातनं निगाल्याली. समदी एका बाजूला, भितीला नाक लावून. वाळून गेल्याली. पाऊस न्हाय, माती दगडावानी. निगायला वाटच न्हाय. सतरा हुती. म्या मोजली. का मोजली कुनाला ठावं. मग दुसऱ्या सालाला ही जिती घावली, तवा घेतली."

मी वाद तिथेच सोडला आणि तिची घागर वारुळावर ओतली. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. तेव्हापासून दुसरी घागर मी उचलायची. पुस्तक चूक नव्हतं, पण पुस्तक लिहिणाऱ्याने सोलापूरचा चैत्र पाहिला नव्हता.

परीक्षा सोमवारी होती. बाहेरचे परीक्षक रविवारी रात्रीच्या गाडीने यायचे होते. शनिवारी दुपारी सरांनी फॉर्मॅलिन मोजून ठेवलं. तानाबाई सकाळपासून वारुळापाशी बसून होती, भाकरीचं फडकंही सोडलं नव्हतं. चारच्या सुमाराला ती प्रयोगशाळेच्या दारात आली. चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं, झालं, हरली. ती म्हणाली, "सरास्नी बोलवा."

वारुळाच्या ओल्या बाजूला बोटाएवढं भोक पडलं होतं, आणि त्यातून एक नाक बाहेर आलं होतं. नाक आत गेलं. मग डोकं आलं, मग वीतभर पिल्लू, अंगभर पिवळे ठिपके, गळ्यावर काळे पट्टे. ते मातीवर चार पाय पसरून बसलं आणि त्याने आम्हाला जीभ काढून दाखवली. त्याच्या मागून दुसरं. तिसरं. मागच्या वस्तीतल्या बायका जाळीला चिकटून उभ्या होत्या आणि कुणीतरी ही चंदनघोरपडीची पिल्लं, लई भाग्याची, असं सगळ्यांना सांगत होतं. बिराजदार सर इस्त्रीच्या पँटसकट मातीत मांडी घालून बसले आणि मोठ्याने मोजू लागले. सुरुवात मराठीत केली, पण दहाच्या पुढे त्यांचे आकडे कानडीत गेले, ते त्यांना कळलंही नाही. अंधार पडेपर्यंत एकवीस झाली. एकही मेलेलं नव्हतं.

मी रडले. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तानाबाईच्या दंडाला धरून मी म्हटलं, "तुमच्या हाताला यश आहे हो." ती म्हणाली, "माती वली हुती, म्हनून." पण तिची मान त्या संध्याकाळी अशी ताठ होती की तिच्या शेजारी मला मी बुटकी वाटले, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की पुढे पीएच.डी. मिळाली तेव्हा माझा स्वतःचासुद्धा वाटला नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कुंभारीच्या पलीकडे माळावर गेलो. सरांनी शब्द पाळला, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी. टोपली मात्र तानाबाईच्या डोक्यावर होती. पिल्लं आठवडाभर पोसून, अंगात बळ आल्यावर सोडायची आणि गडीही तेव्हाच सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. आज आईची पाळी. एका तालीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आडोशाला तिने टोपली उतरवली. मी सुंभाला हात घालायला वाकले तर तिने मला मागे सारलं.

"शबुद सरांचा हाय. गाठ त्येंनी सोडावी."

बिराजदार सरांनी वीस वर्षांत शेकडो जनावरं हाताळली होती, पण सगळी चिमट्याने आणि मेल्यावर. ते गुडघ्यावर बसले. सुंभाची गाठ घट्ट होती, तरी तानाबाईने मदत केली नाही. गाठ सुटली. घोरपड टोपलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून क्षणभर थांबली, जीभ काढून वारा चाखला आणि उतरली. सरांच्या उजव्या बुटावरून गेली. शेपटीचं टोक पुढे सरकेपर्यंत सरांनी पाय हलवला नाही. मग तरवडाची दोन झुडपं हलली आणि माळ पुन्हा होता तसा झाला.

"गेली," सर म्हणाले.

"व्हय," तानाबाई म्हणाली. "जिती गेली."

तिने रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली, पदर खोचला आणि रस्त्याकडे चालू लागली. आम्ही दोघं प्राध्यापक तिच्या मागून.